मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

माझी बायको सिंधू गेली हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा मी "बरं" म्हणालो. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हता, मला ते कळलंच नव्हतं. कळलं ते तेराव्याचे पाहुणे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. मी चहा केला, खुर्चीवर बसलो, पेपर उघडला आणि नेहमीसारखा तळहात पुढं केला. त्या तळहातावर रोज सकाळी सिंधू गोळ्या ठेवायची. मी पेपरातून डोकं न काढता त्या तोंडात टाकायचो आणि वर पाणी प्यायचो. त्या दिवशी हात बराच वेळ तसाच राहिला. एक पान वाचून झालं, दुसरं झालं. मग मी हाताकडं बघितलं.

त्या सकाळी काय झालं ते सांगत बसत नाही. पण रडून झालं तरी माणसाला बीपीची गोळी लागतेच. म्हणून डोळे पुसून मी स्वयंपाकघरात गोळ्या शोधायला गेलो.

सिंधूला पसारा खपत नसे. गोळ्यांची पाकिटं कपाटात कशीही पडतात, त्यांचे कोपरे हाताला लागतात, म्हणून मेडिकलमधून आणलेल्या सगळ्या गोळ्या ती त्याच दिवशी पाकिटातून काढून मसाल्याच्या जुन्या स्टीलच्या डब्यात भरायची. आतल्या वाट्यांत पूर्वी मोहरी, जिरे, हळद असायची; आता गोळ्या. तिच्याही त्यातच, माझ्याही त्यातच. फोडणी टाकताना मोहरी कुठल्या वाटीत आहे हे बाईमाणसाला बघावं लागत नाही, तसंच तिचं गोळ्यांचं होतं. मी झाकण उघडलं तर आत पांढरी गोल, तिच्याहून जराशी लहान पांढरी गोल, पांढरी लांबट, पिवळी, गुलाबी आणि काही अर्ध्या केलेल्या. कशावर काही लिहिलेलं नाही. मी पाटबंधारे खात्याच्या भांडारात नोकरी केली. आमच्याकडून नंबर टाकल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा बाहेर जात नसे. आणि माझ्या स्वतःच्या पोटात इतकी वर्षं बिननंबरी माल जात होता.

तेवढ्यात लातूरहून मुलीचा फोन आला. वर्षाराणी तिथं बँकेत आहे.

"पप्पा, गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या."

"कुठल्या?"

"ज्या घेतो त्याच."

"हे बघा पप्पा, गोळ्यांचं जरा जरी इकडंतिकडं झालं, तर मी तुम्हाला तिकडं ठेवणार न्हाई. इथं खोली रिकामी करून ठेवली हाय. पलंगपण आणलाय."

आता लातूर काही वाईट गाव नाही. जावई अंगदराव चांगले आहेत. पण मला नांदेडचं घर सोडायचं नव्हतं. या घरात दूध उतू गेलं की मी अजून "अगं" म्हणतो. कोणी ऐकत नाही, कोणाचं काही जात नाही. लातूरच्या घरात मी "अगं" म्हणालो तर अंगदराव वर बघतील, आणि एकदा कोणी वर बघितलं की मला ते परत म्हणता यायचं नाही. एवढंच माझं म्हणणं होतं. त्यासाठी गोळ्या मला स्वतःला ओळखता यायला हव्या होत्या.

सरळ मार्गानं गेलो नाही असं कोणी म्हणू नये. आधी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. खिडकीतल्या मुलीनं फाईल मागितली. फाईल सिंधूच्या विम्यासाठी गेली होती, कारण तिनं आमच्या दोघांचे कागद एकाच फाईलमध्ये लावलेले. विम्याच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, मूळ कागद परत मिळत नाहीत, झेरॉक्स मिळेल, पण त्यासाठी अर्ज करा आणि अर्जाला मूळ कागद जोडा. मी म्हणालो, मूळ कागद तुमच्याकडंच आहेत. ते म्हणाले, तेच तर, म्हणूनच अर्ज लागतो. परत दवाखान्यात आलो, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "मग काका, नवीन पेशंट म्हणून केसपेपर काढा. सगळ्या तपासण्या नव्यानं होतील."

नवीन पेशंट! या दवाखान्याला रंगसुद्धा नव्हता तेव्हापासून मी इथं येतो. मी ताठ मानेनं बाहेर पडलो. ती मान तेव्हाच जरा वाकवली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण मग ही गोष्टही झाली नसती.

संध्याकाळी ओट्यावर शेजारचे शेषेराव भेटले. हे हदगावला जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. कापसाचा एवढासा पुंजका दोन बोटांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यापासून ते जगातली प्रत्येक वस्तू अशीच दोन बोटांत धरतात.

"शिवशंकरराव, यात काय अवघड हाय?" ते म्हणाले. "जिंदगीभर मालाची परख केली. गोळी म्हणजे काय, मालच की. आणा डबा."

समोरच्या धोंडाबाई हे ऐकत होत्या. त्यांचं माहेर धर्माबादचं, वडलांची मिरचीची आडत होती. त्या म्हणाल्या, "बोटाला काय कळतंय? जिभेला कळतंय. आमचे दादा मिरचीचं टोक जिभेला लावून सांगायचे कुठल्या गावची हाय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं माझ्या घरी जमले. शेषेरावांनी अट घातली की नमुन्याशिवाय परख होत नाही, म्हणून प्रत्येकानं आपापल्या गोळ्या आणायच्या. त्यांनी तंबाखूच्या रिकाम्या डबीतून आणल्या, धोंडाबाईंनी पदराच्या गाठीतून. खाली पेपर अंथरला. लाईट गेलेली होती आणि ऑक्टोबरचा उकाडा होता. तिघंही घामाघूम होऊन पेपराभोवती बसलो. बाहेरून बघणाऱ्याला पत्ते चाललेत असं वाटलं असतं.

शेषेरावांनी एक पांढरी गोळी बोटांत फिरवली, डोळे मिटले. "ही बीपीची. अंग कसं गुळगुळीत हाय बघा. माझी पण अशीच हाय."

धोंडाबाईंनी तीच जिभेला लावली. "कडू हाय. कडू म्हणजे शुगरची. कारल्यानं शुगर उतरते का न्हाई? मग!"

"अवो बाई, तुम्ही उष्टी करून राहिल्या."

"तुमच्या बोटाला तंबाखू हाय, त्याचं काय?"

"आणि ही गुलाबी?" मी विचारलं.

"गुलाबी बायकांची," दोघं एकदम म्हणाले. एवढ्या एकाच गोळीवर त्यांचं एकमत झालं.

वाद घालत घालत पेपरावर ढीग पडले. हा बीपीचा, हा शुगरचा, हा पित्ताचा, हा धोंडाबाईंच्या झोपेचा, आणि एक लहानसा ढीग "पायावरच्या सुजेचा". त्या गोळीनं सारखी लघवी होते असं धोंडाबाईंना सिंधूनंच सांगितलं होतं. मला खरंच बरं वाटलं. सिंधूचं काम आपण मार्गी लावलं असं वाटलं. शेषेराव पाठ सरळ करून म्हणाले, "घ्या, झाला लिलाव."

आणि लाईट आली.

आमचा पंखा सिंधूनं पाचवर ठेवलेला होता. तो पाचवरच सुरू झाला. पेपर आधी एका कोपऱ्यातून उठला, मग सगळाच उठला, आणि आमचे सगळे ढीग घरभर गेले. पलंगाखाली, कूलरखाली, देव्हाऱ्यासमोर, धोंडाबाईंच्या ओच्यात. आम्ही तिघं साठीच्या पुढची माणसं गुडघ्यांवर रांगत गोळ्या वेचत होतो. गोळा झालेला सगळा माल शेषेरावांनी एका ताटात घेतला आणि तांदूळ निवडल्यासारखा निवडला. "हे तुमचं, हे माझं, हे बाईंचं." मी म्हणालो, "नक्की ना?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला परत विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत बदल दिसायला लागले. शेषेराव रोज ओट्यावर तासन्‌तास बसायचे. आता बसले की उठायचे, आत जायचे, परत यायचे, परत उठायचे. त्यांनी याचा अर्थ असा काढला की किडनी साफ होऊन राहिली. धोंडाबाईंना झोप येत नाही अशी वर्षानुवर्षांची तक्रार होती. त्या आता दुपारीही झोपायला लागल्या आणि त्यांच्या सुनेनं, अंबिकानं, देवाला नारळ फोडला. मला तर पहिले दोन दिवस फारच हलकं वाटलं. मी वर्षाराणीला फोनवर मोठ्या आवाजात सांगितलं, "अगदी व्यवस्थित चाललंय."

तिला मोठा आवाज खोटा वाटतो, हा तिच्या आईचा गुण. ती म्हणाली, "पप्पा, रविवारी येऊन राहिले मी. तुम्हाला सामानासकट घेऊन जाते."

यावर मी एक डाव टाकला. म्हणालो, "तू कशाला येते? मीच येतो. एकटा, एसटीनं. बघ मी कसा ठणठणीत आहे ते." माणूस एकटा नांदेडहून लातूरला सुखरूप जाऊन आला, की त्याला कोण घर सोडायला लावणार?

शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. निघायच्या घाईत नाष्टा केला नाही, पण गोळ्या चुकवल्या नाहीत. ठणठणीत दिसायचं म्हणून आदल्या दिवशीची राहिलेलीही घेतली. डबा पिशवीत घेतला.

लोहा यायच्या आधीच मला पहिल्यांदा उतरावंसं वाटलं. लोह्याला उतरलो. गाडी सुटली आणि परत उतरावंसं वाटलं. कंडक्टर बाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना जाऊन हे सांगणं म्हणजे काय असतं हे ज्याला सांगावं लागलं त्यालाच कळेल. मी आधी "जरा हवा खायची आहे" म्हणालो. दुसऱ्यांदा "चप्पल बघायची आहे" म्हणालो. तिसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "काका, खरं सांगा ना. का परत्येक बाभळीला गाडी थांबवू?" सगळी गाडी हसली. मागचा एक म्हातारा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "थांबवा वो बाई, मलाबी जायचंय." त्या अनोळखी माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

अहमदपूरच्या पुढं वेगळंच सुरू झालं. घाम सुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. बाईंनी कुठं उतरायचं विचारलं तर मला गाव आठवेना. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, सकाळी सकाळीच?" आणि अंगठा ओठाला लावून दाखवला. मी जन्मात थेंब घेतलेला नाही. तसं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते फक्त "बाई, बाई, बाई." शेजारचा माणूस खिडकीकडं सरकला.

मला वाचवलं ते पेढ्यांनी. पुढच्या सीटवर एक गृहस्थ होते, त्यांच्या मुलीचा मेडिकलला नंबर लागला होता. चाकूर यायच्या आधी ते उठले आणि सगळ्या गाडीला पेढे वाटायला लागले. मी एक तोंडात टाकला. थोड्या वेळानं जग जरा जागेवर आलं. मी हात पुढं केला, त्यांनी दुसरा दिला. मी तिसरा मागितला, चौथा मागितला. त्यांचे डोळे भरून आले. "काका, सख्ख्या चुलत्याला एवढा आनंद झाला न्हाई हो," असं म्हणून त्यांनी उरलेला पुडाच माझ्या मांडीवर ठेवला. मी तो संपवला. तुमच्या मुलीमुळं एक पेशंट आत्ताच वाचला, हे मला त्यांना सांगता आलं नाही. तेव्हा ते मलाही माहीत नव्हतं.

लातूरच्या स्टँडवर वर्षाराणी आणि अंगदराव उभे होते. मी कपाळ पुसलं, केस नीट केले आणि गाडीतून तरतरीत माणसासारखा पटकन उतरलो. तेवढं पटकन उतरायला नको होतं. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी सरळ मुलीच्या पायावर जाऊन पडलो. आमच्यात बापानं लेकीच्या पाया पडायची पद्धत आहे, पण लग्नात, स्टँडवर नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, शुगर बघितली आणि विचारलं, "कुठल्या गोळ्या घेता?" मी पिशवीतून मसाल्याचा डबा काढला. वर्षाराणीनं आईचा डबा ओळखला. डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं. आतून अजून जिऱ्याचा वास येत होता. त्यांनी चिमट्यानं एकेक गोळी बाजूला केली. मग एक पांढरी उचलून उजेडात धरली.

"काका, हे शर्टाचं बटण आहे."

मी बटणाकडं बघितलं, मग स्वतःच्या शर्टाकडं.

"अशी अजून होती?"

"होती एक."

"कुठंय?"

मी मान खाली घातली. पंखा लागला तेव्हा पलंगाखालून वेचलेल्या मालात ही बटणं आली असणार. त्या आठवड्यात मी जे जे गिळलं, त्यात कसलाही त्रास न झालेली तेवढी एकच वस्तू.

अंगदराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शुगर नाही आणि तुम्ही शुगरची गोळी उपाशी पोटी घेतलीत. सुजेची, लघवी होणारी गोळीही घेतलीत, आणि बीपीच्या तर दोन दिवसांच्या एकदम घेतल्यात. काका, गाडीतच संपला असता. एकाचं औषध ते एकाचंच. रंग सारखा म्हणून गोळी सारखी नसते. अजून कोणी यातल्या घेतल्यात का?"

तेव्हा माझ्या अंगाला खरा घाम फुटला.

शेषेरावांना फोन लावला. ते तिसऱ्या रिंगला दम खात बोलले, "आत्ताच आतून आलो. तोंडाला लई कोरड पडली, पायात गोळे यायलेत. बाकी मजेत." धोंडाबाईंचा फोन कोणी उचलेना. मी परत लावला, परत लावला. मग अंगदरावांनी त्यांच्या फोनवरून लावला. शेवटी अंबिकानं उचलला.

"आत्या झोपल्यात," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. मी म्हणलं झोपू द्या, कवा न्हाई ते लागली."

"उठव! हलव त्यांना!" मी ओरडलो. सिंधू गेली तेव्हाही मी असा ओरडलो नव्हतो. फोनमधून "आत्या, ओ आत्या" ऐकू येत राहिलं. आम्ही सगळे, डॉक्टरबाईसुद्धा, त्या फोनकडं बघत होतो. मग लांबून, चिखलातून आल्यासारखा, धोंडाबाईंचा आवाज आला, "काय गं सटवे, जरा डोळा लागला तर..." ती शिवी मला फार गोड लागली. नांदेडच्या दवाखान्यात दोघांनाही त्याच दिवशी दाखल केलं, आणि दोघं दोन पलंगांवरून, बोट खरं की जीभ खरी, यावर भांडत राहिले असं अंबिका सांगते. दोघंही आता बरे आहेत.

मला लातूरला ठेवून घेतलं. पाहुणा म्हणून नाही, आरोपी म्हणून. डॉक्टरबाईंनी नव्यानं तपासण्या केल्या (नवीन पेशंट म्हणून; या वेळी मान वाकवली). सिंधूच्या आणि बाकीच्यांच्या सगळ्या गोळ्या त्यांनी ठेवून घेतल्या. मला फक्त दोन लिहून दिल्या, पाकिटातून न काढण्याच्या अटीवर. मी त्यांची नावं पाठ केली. वर्षाराणी रोज सकाळी भांडारातल्या साहेबासारखी विचारायची आणि मी उभा राहून सांगायचो. एके दिवशी तिनं उलटसुलट विचारलं, तरी मी चुकलो नाही.

"ठीक हाय," ती म्हणाली. "जा नांदेडला. पण रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायचा. पाकीट दाखवायचं, गोळी दाखवायची, गिळून तोंड उघडून दाखवायचं."

एवढा अपमान मी आनंदानं कबूल केला. घर वाचलं होतं. बॅग भरली.

निघायच्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वर्षाराणी बँकेत जायच्या घाईत ओट्याशी उभी होती. तिनं पर्समधून एक पाकीट काढलं, दोन गोळ्या काढल्या आणि न बघता तोंडात टाकल्या. वर चहा प्यायली. अगदी मी घ्यायचो तशा.

"कसल्या गं?"

"डोकं दुखतंय. काही न्हाई, साध्या हायेत."

"रोज घेतेस?"

"रोजच दुखतंय तर रोजच घ्याव्या लागतात ना."

"कधीपासून?"

ती कप विसळत राहिली. कप स्वच्छ झाला तरी विसळत राहिली. "आई गेल्यापासून," ती म्हणाली.

"डॉक्टरला दाखवलं?"

"आता तुम्ही मला विचारणार? वेळ कुठंय पप्पा. बँकेतली एक मैत्रीण घेते, तिनं सांगितलं. तिला लई फरक पडला."

मला शेषेरावांची बोटं दिसली, धोंडाबाईंची जीभ दिसली, आणि बाभळी दिसल्या. पण हसू आलं नाही. या अशा गोळ्या रोज घेतल्या तर पोटाला, किडनीला काय होतं ते त्याच दवाखान्यात भिंतीवर लावलेलं होतं. सलाईन संपेपर्यंत मला दुसरं काही वाचायला नव्हतं. मी तिला सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "पप्पा, गाडी चुकेल तुमची," आणि पर्स घेऊन निघाली.

अंगदराव मला स्टँडवर सोडायला गाडी काढून उभे होते. मी त्यांना म्हणालो, आज नको. ते म्हणाले, मग उद्या? मी म्हणालो, बघू.

त्याला आता बरेच दिवस झाले. शेषेराव फोन करतात, घराला कुलूप बघून बरं वाटत नाही म्हणतात, पंखा उतरवून ठेवू का विचारतात. मी रोज सकाळी माझ्या दोन गोळ्या घेतो आणि वर्षाराणीच्या समोर उभा राहतो. ती रोज म्हणते, शनिवारी डॉक्टरकडं जाऊ. शनिवारी बँकेचं काम निघतं. परवा ती चिडली, "तुम्हाला नांदेडला जायचं होतं ना, मग जा की!" माझ्या तोंडून "अगं" निघालं. ते लेकीलाच होतं. अंगदरावांनी वर बघितलं नाही.

डोकं तिचं अजून दुखतं, गोळ्या ती अजून घेते, आणि तिला डॉक्टरकडं न्यायचं अजून राहिलं आहे.